आरव्ही-९ए विमानात ११८ अश्वशक्तीचे इंजिन

प्रश्न : ओहायोत घरच्या गॅरेजमध्ये आरव्ही-९ए हे दोन आसनी, सुट्या भागांतून घरी जोडायचे विमान बांधतो आहे. १६० अश्वशक्तीच्या लायकमिंग ओ-३२० इंजिनाऐवजी त्याच कंपनीचे ११८ अश्वशक्तीचे ओ-२३५ बसवले, तर शक्ती पुरेल का आणि विमान हलके होईल का?

उत्तर : या विमानाचा आराखडाच ११८ ते १६० अश्वशक्तीसाठी केलेला असल्याने शक्ती पुरेल, मात्र दोघे बसून, टाक्या भरून, उन्हाळ्यात उड्डाण केल्यास चढाईचा वेग नक्कीच जाणवण्याइतका कमी होईल. वजनात मात्र फारशी बचत नाही, कारण सिलिंडर लहान असले तरी दोन्ही इंजिनांचे वजन जवळपास सारखेच असते. १६० अश्वशक्तीसाठी घेतलेला स्थिर पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर तसाच लावू नका. इंजिन पुरेसे फेरे घेणार नाही, म्हणून कमी पिचचा घ्या.

दुसरे उत्तर : माउंट (इंजिन विमानाला धरून ठेवणारा सांगाडा) मागवण्याआधी इंजिनाच्या पाठीमागचे, माउंटला जोडायचे कान स्वतः पाहा. काहींना शंक्वाकार रबर लागते, काहींना डायनाफोकल, म्हणजे तिरप्या बोल्टांवर बसणारे. माझ्या फायरवॉलची (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या पत्र्याच्या भिंतीची) भोके यामुळेच दुसऱ्यांदा पाडावी लागली. शेवटी तिन्ही चाके वजनकाट्यांवर ठेवून विमानाचा गुरुत्वमध्य (वजनाचा समतोल साधणारा बिंदू) प्रत्यक्ष मोजा. तो मागे सरकला असेल, तर बॅटरी पुढे घ्या.