कारा डेव्हिड आणि एक प्रश्न: चित्रीकरणानंतर पत्रकाराने मदत करावी का?

रानवाट:
फिलिपिन्सच्या जीएमए वाहिनीवर १९९९ पासून 'आय-विटनेस' हा माहितीपटांचा कार्यक्रम चालू आहे. त्यातल्या 'आम्बुलान्सियांग दे पा', म्हणजे पायी चालणारी रुग्णवाहिका, या माहितीपटासाठी पत्रकार कारा डेव्हिड यांना २०१० साली पीबॉडी हा नभोवाणी-दूरचित्रवाणीसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. मिंडोरो बेटावरच्या डोंगरी वस्तीला तेव्हा रस्ता नव्हता, म्हणून बांबूला झोळी बांधून आजाऱ्याला खांद्यावरून खाली आणत. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या माणसाला हे समजून घ्यायला भाषा लागणार नाही.

पण मला त्या मोठ्या वाटतात त्या पुरस्कारामुळे नाही. 'प्रोजेक्ट मालासाकित' ही संस्था काढून त्या आपल्या माहितीपटांत दिसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च करतात. मालासाकित म्हणजे कळवळा. पत्रकाराने हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

जुना उपसंपादक:
बाईंबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. कॅमेऱ्यामागून मदत येते हे एकदा गावाला कळलं, की पुढच्या खेपेला लोक कॅमेऱ्याला हवं तेच बोलणार. आणि ज्या पोरापर्यंत कॅमेरा पोचलाच नाही त्याने काय करायचं? रस्ता का झाला नाही, पैसा कुठे मुरला, हे विचारत राहणं हे आपलं काम.

रानवाट:
विचारायलाच हवं. पण रस्ता होईपर्यंत त्या पोराचं शाळेचं वय निघून जातं, दादा.

मीनल:
मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिक्षिका होते. एकदा एक वाहिनीवाले आले. त्या दिवशी कुणी आजारी नव्हतं, तर त्यांनी एका धडधाकट आजीला झोळीत झोपवलं आणि तीनदा ओढा ओलांडायला लावला. शूटिंग संपल्यावर आजी उतरली, लुगडं पिळलं आणि चालत घरी गेली. नंतर कुणी फिरकलं नाही. त्यापेक्षा परत येणारी बाई मला हजारदा चालेल.

जुना उपसंपादक:
मीनलताई, ती शुद्ध लबाडी होती. पण त्यांनी आजीच्या हातावर पाचशे रुपये ठेवले असते तर ती कमी झाली असती का? माझी भीती तीच आहे.

रानवाट:
पाचशे रुपये झोळीत झोपण्याचे झाले असते. पोराची फी वर्षानुवर्षं भरायची तर त्याचं नाव लक्षात ठेवावं लागतं.

जुना उपसंपादक:
हे मान्य. मग निदान बातमी पूर्ण होईपर्यंत मदतीचा शब्द देऊ नये, आणि त्याच वस्तीवर पुन्हा माहितीपट केला तर मदत केल्याचं प्रेक्षकांना आधी सांगावं. एवढं पाळलं तर माझा विरोध निम्मा उरेल.