ठासणीच्या बंदुकीला पीप साइट: म्हातारपणाची काठी की खरी सुधारणा?

ठासणीराव (कोलोरॅडो)

थेट मुद्द्यावर येतो, भांडायला सगळे मोकळे आहात. माझं मत असं: पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने ठासणीच्या बंदुकीवरची खाचेची मागची साइट काढावी आणि पीप, म्हणजे भोकातून बघायची साइट, बसवावी. टार्गेटसाठीही आणि शिकारीसाठीही.

माझी बंदूक .५० कॅलिबरची, टोपीच्या ठिणगीने उडणारी, जुन्या अमेरिकन हॉकेन पद्धतीची. नळी २८ इंची. खाच नळीवर, डोळ्यापासून हातभर लांब. बावन्नाव्या वर्षी ती खाच मला धुक्यातल्या खिंडीसारखी दिसते. माशीकडे (पुढच्या साइटकडे) बघावं तर खाच पुसट, खाचेकडे बघावं तर माशी गायब, आणि हरीण तर दोन्हीकडून गेलेलंच. आमच्याकडे सप्टेंबरातल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, बॅटरीवर चालणारं काही चालत नाही. पीप मात्र लोखंडी साइटमध्येच धरतात.

म्हणून दस्त्याच्या मनगटावर, टँगच्या (नळीमागच्या लोखंडी पट्टीच्या) स्क्रूवर बसणारी पीप घेतली. भोकातून फक्त बघायचं, भोकाकडे बघायचं नाही. डोळा मध्य आपोआप शोधतो. शिवाय दोन साइटमधलं अंतर १९ इंचांवरून ३१ इंचांवर गेलं, म्हणजे धरण्यातली तीच चूक निशाण्यावर कमी दिसते. ५० यार्डांवर टेकू देऊन पाच-पाच बार काढले: खाचेवर गोळ्यांचा ५ इंचांचा घोळका, पीपवर अडीच. बारीक भोकाची डिस्क काढून नुसत्या रुंद कड्यातून मारलं तरी ३ इंच. आता बोला.

चकमक (पेन्सिल्व्हेनिया)

बोलतो. पाच बारांवरून सिद्धांत मांडायचा असेल तर मी पाच बारांवरून बंदूक विकायलाही काढू शकतो. दोन बारांच्या मध्ये नळी पुसली होती का? गोळी ठासताना दर वेळी गजावर तेवढाच जोर होता का? आपल्याकडे काडतूस नसतं राव, प्रत्येक बार आपल्या हाताने भरलेला असतो. दारू मापून घातली तरी गोळी एकदा घट्ट बसली आणि एकदा सैल, तर गोळ्या वर-खाली पसरतात, आणि ते कुठल्याच भोकातून दिसत नाही.

दुसरं, जंगल. नाताळनंतरच्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकांच्या) हंगामात मी हेमलॉकच्या दाट झाडीत उभा असतो. हरीण दिसतं ते चाळीस यार्डांवर, तेही दोन खोडांच्या फटीतून. त्यात तुमच्या पीपमध्ये फांदीवरचा बर्फ पडतो, वितळतो, आणि भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो. त्या थेंबातून हरीण बघा आणि मला कळवा. उघड्या खाचेत बर्फ पडला तर अंगठा फिरवला की झालं.

आणि परंपरा म्हणून काही आहे की नाही? चकमकीच्या लांब रायफलला ते यंत्र लावणं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज.

ठासणीराव

नळी प्रत्येक बारानंतर पुसली होती. एक ओली चिंधी, एक कोरडी. ८० ग्रेन दारू, .४९० ची गोळी, थुंकी लावलेला कापडी पॅच. गजाला खूण केलीय, गोळी कुठवर बसली ते कळतं. तरीही पाच बार कमीच, हे मान्य. आता पंधरा-पंधरा काढतो.

नऊवारीचं मात्र चालणार नाही. उस्मानी तुर्कांच्या जुन्या बंदुकांवर मागची साइट म्हणजे भोकं पाडलेला ठोकळाच असे, एकावर एक भोकं, अंतरानुसार निवडायची. आणि १८७४ च्या क्रीडमूरच्या सामन्याचं काय? न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयरिश संघ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन उतरला होता, व्हर्नियरच्या (बारीक मापाने वर-खाली करायच्या) पीप लावून. ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिकन मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन घेऊन आले आणि ९३४ विरुद्ध ९३१ ने जेमतेम जिंकले. एका आयरिश नेमबाजाची एक गोळी शेजारच्याच टार्गेटवर लागली होती, नाहीतर निकाल उलटा असता. परंपरा हवी तर ही घ्या.

चकमक

ते कागदावर मारत होते. कागद पळत नाही, आणि कागदावर बर्फही पडत नाही. इंडियानात फ्रेंडशिपला नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या शूटला जा (१९३३ ची संस्था, म्हणजे परंपरेतलीच माणसं). तिथे काही मॅचेस फक्त उघड्या साइटच्या असतात. पीप लावलीत तर त्या रांगेत उभंही करणार नाहीत. मग काय, दर मॅचला टँगचे स्क्रू काढणार आणि घालणार?

दृष्टिदोष (न्यू जर्सी)

मी डोळ्यांची डॉक्टर. बंदूक आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही नवऱ्याने फोटोसाठी दिली म्हणून. पण भोकावरून चाललेल्या भांडणात मला बोलायचा हक्क आहे.

ठासणीरावांचा दावा अर्धा बरोबर आहे. बारीक भोकातून आलेला प्रकाश कमी पसरतो, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. आमच्याकडे तपासणीला हेच भोक वापरतात. रुग्णाला त्यातून अक्षरं नीट दिसली तर बहुतेक वेळा नंबर बदललेला असतो. म्हणजे दादा, पीपने तुमचा नेम सुधारला असेल, पण त्याआधी चष्मा बदलायचा राहिला असेल. लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर अधिक घातला तर माशी स्पष्ट होते आणि टार्गेट थोडंच पुसट होतं. रेंजसाठी असा वेगळा चष्मा करून घ्या, आणि तो दाखवून मग पीपचं कौतुक करा.

उरलेला अर्धा असा. दिवसा बाहुली तीनेक मिलिमीटर असते. १ मिलिमीटरच्या भोकातून क्षेत्रफळाच्या हिशोबाने नववा हिस्सा प्रकाश आत येतो. संधिप्रकाशात बाहुली ६ मिलिमीटरपर्यंत उघडली तर छत्तिसावा हिस्सा. तुम्ही नेमके त्याच वेळी हरणाची वाट बघत असता ना?

ठासणीराव

ताई, बरोबर. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढाच कायदेशीर वेळ, आणि हरणं नेमकी त्याच्या दोन्ही टोकांना. म्हणून शिकारीला डिस्क काढून टाकतो. नुसतं कडं, भोक ५ मिलिमीटरचं. ते डोळ्याच्या इतक्या जवळ असतं की कड्याची कडा विरघळून जाते, राहते फक्त माशी. चकमकभाऊ, तुमचा थेंब एवढ्या रुंद भोकात टिकत नाही, फुंकर मारली की गेला.

चष्म्याची अपॉइंटमेंट घेतो.

रंकाळा_१०मी (कोल्हापूर)

आम्ही एअर रायफल आणि .२२ वाले, ठासणी फक्त संग्रहालयात बघितली. पण पीप म्हणजे आमची रोजची भाकरी. स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळालं ते दुर्बिणीने नाही, भोकातून बघूनच. म्हणून सांगतो, तुम्ही दोघंही मागच्या टोकावर भांडताय. खेळ पुढच्या टोकाला आहे.

टार्गेटसाठी पुढे गोल घराची साइट घ्या आणि आत कडं घाला. काळ्या बुलभोवती (टार्गेटच्या मधल्या वर्तुळाभोवती) पांढरी फट स्पष्ट दिसली पाहिजे. हौशी माणूस नेहमी फार घट्ट कडं घेतो. मग बुल मध्यात आहे की कडेला, हे डोळ्याला ठरवता येत नाही, तो बघत बसतो आणि श्वास संपतो. शिकारीला कडं नको, तिथे सपाट तोंडाची जाड माशी. पितळेचा गोल मणी असेल तर ऊन उजवीकडून आलं की मण्याची उजवी बाजू चमकते, आपण त्या चमकलेल्या कडेलाच माशी समजतो आणि गोळी डावीकडे जाते. मण्यावर मेणबत्तीची काजळी धरा.

शाकाहारी_वाघ (ठाणे)

आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि इथे हरणं मारायच्या टिप्स चालल्यात. कागदावर मारा की.

ठासणीराव

इथे परवाना काढूनच, हंगामातच. मांस घरी खातो. तो वाद वेगळा धागा काढून घालू, मी येतो तिकडे.

आता माझी फजिती सांगतो, कारण पीप लावा म्हणणारे ही गोष्ट सांगत नाहीत. पीप बसवली, सगळ्यात खाली आणली, तरी ५० यार्डांवर गोळी ८ इंच वर. कारण मीच. तीन वर्षांपूर्वी खाचेवर गोळी खाली लागत होती म्हणून माशी कानशीने घासली होती. माशी आखूड केली की गोळी वर जाते, उलटा हिशोब. आता पीप खाचेपेक्षा उंच आणि माशी बुटकी, म्हणजे दुप्पट घोळ. रेंजवरचा एक म्हातारा पाठीमागे उभा राहून हसत होता.

हिशोब असा: साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले टार्गेटपर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. ३१ गुणिले ८ भागिले १८०० म्हणजे साधारण ०.१४ इंच, साडेतीन मिलिमीटर. तेवढी उंच माशी हवी. मागवलीय.

चकमक

हे आधी सांगायचं होतं! आता तुमच्यावर थोडा विश्वास बसतोय.

माझ्याकडची गोष्ट. दोन हंगामांपूर्वी मीही एक घडीची टँग पीप लावून बघितली होती, कबूल करतो. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी अंगठा लागून ती नकळत झुकली. गोळी हरणाच्या पाठीवरून गेली. घरी आल्यावर बघितलं तर पीपच्या पायाचा स्क्रूही सैल. धक्का आणि थंडी. तेव्हापासून खाच. तुमच्या पीपच्या स्क्रूला निळा लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलाय का?

ठासणीराव

नाही. आज लावतो. पण भाऊ, तो स्क्रूचा दोष, पीपचा नाही.

चकमक

बर्फात तुमची थिअरी आणि माझा स्क्रू, दोघं एकाच खांद्यावर असतात.

रंकाळा_१०मी

एक विचारायचंय. टँगची पीप डोळ्यापासून किती लांब? आमच्याकडे रायफल धक्का देत नाही, म्हणून आम्ही अगदी जवळ जातो. ८० ग्रेन दारू म्हटल्यावर भुवई फुटायची नाही ना?

ठासणीराव

अडीच-तीन इंच. बंदूक खांद्यात नीट रुतवली तर पुरतं. चढावर बसून वर नेम धरला आणि मान पुढे नेली तर कडं भुवईला लागतं. भुवईवर खूण आहे माझ्या, बायकोने अजून विचारलेलं नाही.

दृष्टिदोष

विचारलं नाही म्हणजे दिसलेली नाही असं नाही.

ठासणीराव

(दोन आठवड्यांनी) उंच माशी बसवली. निळा लॉकटाइट लावून एक रात्र ठेवला. चष्माही आला, ताई. नंबर पाव डायॉप्टरने बदलला होता, रेंजचा वेगळा करून घेतला. त्या चष्म्यातून खाच अजूनही खिंडच आहे, पण माशी धारदार दिसते, एवढं कबूल.

शनिवारी ५० यार्डांवर पंधरा बार, नळी दर वेळी पुसून. पीपवर घोळका ३ इंचांचा, पहिल्या पाचापेक्षा मोठा. चकमकभाऊ, हसा. बुटकी माशी परत बसवून खाचेवर नव्या चष्म्याने पंधरा: ४ इंच. म्हणजे फरक आहे, पण मी बढाया मारत होतो तेवढा नाही.

चकमक

हसतोय. पीपवर उंची किती जमली?

ठासणीराव

८ इंच होती ती आता दीड इंच वर. तेवढं मला हवंच होतं, शंभर यार्डांसाठी. पण दोन इंच डावीकडे जातंय.

चकमक

माशी डावीकडे सरकवा, गोळी जिकडे जाते तिकडेच. पितळेचा दांडा घ्या, लोखंडाने ठोकाल तर माशी बसते ती खाचणी बिघडेल. आणि काढलेली डिस्क सुटी खिशात ठेवू नका. माझी अजून एका टेकडीवरच्या पालापाचोळ्यात आहे.