खडू कोणाच्या हातात?
पाच दिवसांचं शिबिर घेतलं की स्थानिक सुलभक, म्हणजे गावातल्या लोकांना स्वतः चर्चा करून ठरवायला मदत करणारा माणूस, तयार होतो, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. शिबिरात माहिती मिळते, पण गप्प बसायची सवय लागत नाही आणि या कामात ती फार लागते. एका सरावात लोक जमिनीवर पाण्याच्या जागांचा नकाशा काढत होते. एक रेघ चुकली आणि आमच्या नव्या सुलभकाने खडू स्वतःकडे घेतला. दोन मिनिटांत सगळे मागे सरकले, उरलेला नकाशा त्याने एकट्यानेच काढला! संध्याकाळी शेजारी बसून बोललो तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या किडींसाठी शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात जमायचे, किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजायचे, फवारणीचं स्वतःच ठरवायचे. पुढे त्यांच्यातलेच काही जण शाळा चालवू लागले. आपणही प्रशिक्षणाचे दिवस असेच हंगामभर पसरावेत आणि मधल्या काळात सोबत फिरायला एक अनुभवी माणूस द्यावा. त्याचा खर्च मात्र अंदाजपत्रकात आधीच धरा, नंतर त्यासाठी पैसे मिळवणं फार जड जातं.