एकखोडी टोमॅटो आणि उन्हाळी ऊन
टोमॅटोचे सगळे बगलफुटवे (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढून एकच खोड ठेवल्यास उत्पादन वाढते, हे मत मला अर्धेच पटते. फळ मोठे होते, पहिला तोडाही लवकर येतो. परंतु झाडामागे फळांची संख्या घटते आणि ती तूट रोपांतील अंतर कमी केले तरच भरून निघते. वाळवा तालुक्यातील आमच्या उन्हाळी प्लॉटात मी दोन ओळी एकखोडी ठेवल्या, तेव्हा एप्रिलच्या उन्हात पानांची सावली अपुरी पडून पश्चिमेकडील फळांवर पांढरे, कागदासारखे चट्टे उठले. तेव्हापासून पहिल्या फुलगुच्छाच्या लगेच खालचा जोमदार फुटवा दुसरे खोड म्हणून राखतो आणि त्याखालचे फुटवे बोटभर असतानाच, दव सुकल्यावर मोडतो. ठरावीक उंचीवर वाढ थांबणाऱ्या झुडपी वाणांना मात्र हा उपद्व्याप करूच नये. त्यांची बरीचशी फळे फुटव्यांवरच लागतात.