मदत हवी आहे: आईच्या स्वादुपिंडात चरबी दिसली, पण ती जाड नाही. कारण काय असेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. आई ६१ वर्षांची आहे. मिरगाच्या आधी तिला जेवल्यावर वरच्या पोटात जड वाटायचं, म्हणून कुडाळला सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडा निघेल अशी धाकधूक होती. खडा नाही, पण लिव्हर फॅटी, ग्रेड १, आणि स्वादुपिंडातही चरबी असल्यासारखं दिसतं असं रिपोर्टात लिहिलंय. फॅटी लिव्हर हल्ली घरोघरी ऐकू येतं. स्वादुपिंडात चरबी साठते हे मला नवीनच.

डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, तेलकट बंद." बाहेर रांग होती, पुढचं विचारायला मिळालं नाही. आईचं वजन ५४ किलो, उंची १५२ सेंमी. हातापायांनी किडकिडीत, पोट तेवढं सुटलेलं. शिंपीटेपने मोजलं तर कंबर ८८ सेंमी भरली. दारूचा प्रश्नच नाही.

खाणं आपलं नेहमीचंच. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाचं तिखलं, रात्री परत भात. चहा चार-पाच वेळा, साखर सढळ, सोबत खारी नाहीतर बटर. शेजारच्या काकींनी सांगितलं, हे सगळं खोबऱ्यामुळे. तेव्हापासून आई बिनवाटपाची आमटी पुढ्यात घेते आणि अर्धपोटी उठते. "माका काय होऊक नाय" म्हणते, पण घाबरली आहे. तिला असं जेवताना बघवत नाही.

अजून एक सांगते, संबंध आहे की नाही कळत नाही. सांधे दुखतात म्हणून गेली दोनेक वर्षं ती एका डॉक्टरांकडून पुडीत बांधलेल्या गोळ्या आणते. पुडीवर नाव नसतं. गोळी घेतली की दुपारपर्यंत भाकऱ्या थापायला बसते, इतका आराम पडतो. अलीकडे तिचा चेहरा गोल दिसायला लागलाय. आम्हाला वाटलं, तब्येत सुधारली.

जाड नसलेल्या, दारू न पिणाऱ्या बाईला हे का व्हावं? खोबरं खरंच बंद करायचं का? यातून पुढे साखर किंवा कॅन्सर होतो का? एमआरआय करावा लागेल का?

प्रतिसाद

ताई, मी रत्नागिरीत फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरी तुम्ही लिहिलंय त्यात बरंच काही हाती लागतं.

आधी त्या पुडीबद्दल. नाव नसलेली गोळी, लगेच आराम आणि गोल होत गेलेला चेहरा, यावरून त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शंका येते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने पोटावर चरबी चढते, साखर वाढते, आणि स्वादुपिंडात चरबी साठण्याच्या कारणांत त्याचं नाव आहे. पण गोळ्या एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे आपलं नैसर्गिक स्टिरॉइड हार्मोन, बनवणं कमी करून बसलेलं असतं. अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. त्या डॉक्टरांकडून गोळीचं नाव लिहून घ्या. डोस हळूहळू उतरवायचा असतो, तोही देखरेखीखाली.

आता "जाड नाही" याबद्दल. ५४ किलो आणि १५२ सेंमी म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण २३.४. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी. हातपाय बारीक आणि चरबी पोटाच्या आत, ही भारतीय ठेवण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. वजनकाट्यावर ती दिसत नाही.

चरबी तिथे पोचते कशी, तर गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखर-भाताची लिव्हर चरबी बनवतं. लिव्हर भरलं की ती ट्रायग्लिसराइड या चरबीच्या रूपात रक्तातून बाहेर पडते आणि स्वादुपिंडासारख्या ठिकाणी साठू लागते. तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मंदावतात. हा विचार इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांनी २००८ मध्ये मांडला. २०११ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात मधुमेहींनी आठ आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार घेतला, तेव्हा स्वादुपिंडातली चरबी सरासरी ८ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आली. म्हणजे ती उतरते. आईंना मात्र तसला आहार घरच्या घरी देऊ नका.

वय, मधुमेह, दारू हीही कारणं आहेतच. लहान मुलांत सिस्टिक फायब्रोसिससारखे आनुवंशिक आजार असतात, तो विषय तुमचा नाही.

खोबऱ्याला एकट्याला दोष देऊ नका. वाटप हात राखून घाला, मासे खुशाल खाऊ द्या. चहातली साखर, खारी-बटर आणि रात्रीचा भात, कात्री तिथे लावा.

स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, मध्ये गॅस आला की सोनोग्राफीत नीट दिसत नाही. चरबी एमआरआयमध्ये नेमकी मोजता येते, पण एवढ्यासाठी लगेच धावपळ नको. आधी उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करा. या रिपोर्टचा अर्थ कॅन्सर असा नाही. पण कारण नसताना वजन घटलं, कावीळ दिसली, दुखणं पाठीत गेलं किंवा शौच तेलकट, चिकट होऊ लागलं, तर थांबू नका.

धागाकर्ती

डॉक्टर, फार आधार वाटला. रक्त तपासून घेतलं. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१, ट्रायग्लिसराइड २१४. पुडीतली गोळी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच निघाली, १० मिलिग्रॅम, रोज एक. नाव सांगायला ते डॉक्टर तयार नव्हते, भावाने तिथेच बसून लिहून घेतलं. गोळी अजून चालू ठेवली आहे. आईने काल वाटप घातलेलं तिखलं पोटभर खाल्लं, चहा बिनसाखरेचा घेते आणि कुरकुरते.

डोस उतरवायला तिला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला न्यावं की कोल्हापूरला? आणि आधी सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवू की हार्मोनच्या? तिकडे कोणी नेलं असेल तर ओपीडीचे वार आणि नंबर किती वाजता लावावा लागतो ते कृपया कळवा. आंबोली घाटातून पावसात तिला दोनदा नेणं झेपणार नाही.