व्हिटनीत गोष्ट हवेलीपासून सुरू होत नाही

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात मळेवाल्यांच्या जुन्या हवेल्यांत पर्यटकांना झुंबरं आणि पलंग दाखवतात, गुलामांचा विषय दोन वाक्यांत उरकतात, अशी तक्रार असते, आणि ती बऱ्याच ठिकाणी खरी आहे. पण सरसकट तसं नाही. मिसिसिपी नदीकाठचा व्हिटनी हा उसाचा जुना मळा २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला तो गुलामांचीच बाजू सांगायला. जुन्या लाकडी चर्चमध्ये गुलाम मुलांचे मातीचे पुतळे उभे आहेत, आणि बाहेर दगडांवर नावंच नावं कोरलेली. एक स्मारक तर फक्त त्या परगण्यात गुलामीत मेलेल्या २,२०० लहान मुलांचं आहे. तिथे पाय पुढे टाकवत नाही.

सहसा कुणी काढत नाही तो मुद्दा साखरेचा. आवारात लोखंडाच्या मोठाल्या कढया ठेवल्यात, आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीसारख्या. उसाचा रस मोठ्या कढईतून लहान कढईत, असा उकळता उकळता पळ्यांनी पुढे ओतत न्यायचे. हंगामात हे काम रात्रंदिवस चाले, आणि करणारे सगळे गुलाम. हवेलीचा पैसा या कढयांतून आला. म्हणून जाणाऱ्यांनी आधी त्या कढयांपाशी थांबावं, हवेली नंतर बघावी.