पारसिक टेकडीवरून पहाटे दिसणारा धुराचा सपाट थर: गरम धूर मध्येच का थांबतो?

बेलापूरकर (प्रश्न):
डिसेंबर लागल्यापासून मी वडिलांना घेऊन सकाळी साडेसहाच्या सुमारास बेलापूरच्या पारसिक टेकडीवर फिरायला जातो. वरून पाहिले असता नेरूळ-वाशीच्या बाजूला तपकिरी धुराचा थर दिसतो आणि त्याचा वरचा काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो. पालापाचोळा जाळल्याचा धूर आधी सरळ वर चढतो आणि मग एका उंचीवर अडून आडवा पसरतो. अकरा वाजेपर्यंत हा थर नाहीसा होतो. उंचीनुसार हवा थंड होत जाते आणि उष्ण हवा वर जाते, असे आपण शाळेत शिकलो. मग धूर मध्येच का थांबतो? वडिलांना दमा असल्यामुळे हे नीट समजून घ्यायचे आहे.

निवृत्त भूगोल शिक्षिका:
‘उष्ण हवा वर जाते’ हे वाक्य अर्धेच आहे. शेजारच्या हवेपेक्षा ती उष्ण असेल तोपर्यंतच वर जाते, हा त्याचा उरलेला अर्धा भाग, आणि आम्ही शिक्षक तो पुष्कळदा सांगायचा विसरतो.

वर चढणारी हवा कमी दाबात शिरते, प्रसरण पावते आणि त्यामुळे स्वतःच थंड होत जाते. कोरड्या हवेच्या बाबतीत हा दर दर 100 मीटरला सुमारे 1 अंश सेल्सिअस इतका असतो. आजूबाजूच्या स्थिर हवेचे तापमान मात्र त्या दिवशी, त्या वेळी जसे असेल तसे असते. पुस्तकातला किलोमीटरला 6.5 अंशांचा दर ही केवळ सरासरी आहे, रोज पाळला जाणारा नियम नव्हे.

हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडत राहते आणि वेगाने गार होते. तिला टेकलेली हवाही तशीच गार होते, परंतु शे-दोनशे मीटरवरची हवा त्या मानाने उबदार राहते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. समजा, पहाटे जमिनीलगत 17 अंश आणि 150 मीटरवर 20 अंश तापमान आहे. आसपासच्या हवेत मिसळून 21 अंशांवर आलेला धूर वर निघाला, तर 150 मीटरपर्यंत पोहोचताना तो 19.5 अंशांवर येईल, म्हणजे तिथल्या हवेपेक्षा थंड आणि जड होईल. त्याच्या थोडे आधीच त्याचे चढणे संपते. मागून येणाऱ्या धुराला मग आडवे पसरण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि तुम्हाला दिसणारा सरळ काठ तोच.

पावसाळ्यात असे सहसा होत नाही, कारण ढग आणि बाष्प जमिनीने सोडलेली उष्णता शोषून तिचा बराचसा भाग खाली परत पाठवतात.

घणसोलीचा रहिवासी:
मॅडमनी सांगितल्यात एक स्थानिक भर घालतो. टेकड्यांच्या उतारांवर गार झालेली जड हवा रात्रभर खाली घरंगळत सखल भागात साठते, आणि मतलई वारे इतके मंद असतात की ती हलत नाही. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, हवा खालून ढवळली जाऊ लागते आणि विपरीतता तळापासून विरत जाते. पुढे खारे वारे सुरू झाले की उरलेला धूरही पांगतो. प्रत्यक्ष मोजमाप पाहायचे असल्यास हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्रातून पहाटे 5:30 आणि सायंकाळी 5:30 च्या निरीक्षणांसाठी फुगे सोडले जातात. त्यांनी नोंदवलेल्या तापमानाचे आलेख जरूर पाहावेत.

निवृत्त भूगोल शिक्षिका:
याच गोष्टीचे विराट रूप आकाशात दिसते, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. गडगडाटी ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट का होतो? आपल्या अक्षांशांत साधारण 16-17 किलोमीटरवर तपांबर संपते आणि त्यावरच्या स्थितांबरात ओझोन अतिनील किरणे शोषत असल्यामुळे उंचीनुसार तापमान वाढत जाते. एवढा प्रचंड ढगही तिथे अडतो आणि तुमच्या धुरासारखाच आडवा पसरतो. तेसेराँ द बोर या फ्रेंच शास्त्रज्ञाने फुग्यांच्या साहाय्याने केलेला स्थितांबराचा शोध 1902 मध्ये जाहीर केला.

वडिलांबद्दल सांगायचे तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, परंतु विपरीततेच्या दिवसांत पहाटेची हवा ताजी असते ही समजूत आपल्या भागात तरी सोडून द्यावी.

बेलापूरकर:
मॅडम, मनापासून आभार. आज दोन सारखे तापमापक घेऊन मोजले. पावणेसात वाजता पायथ्याशी 18 अंश होते आणि वर 20. साडेदहाला पुन्हा गेलो, तेव्हा पायथ्याशी 27 आणि वर 26. उद्यापासून वडिलांना दुपार उतरल्यावर, खारे वारे वाहत असताना फिरायला नेणार आहे.